काडेपेटी मावेल एवढी उंची

आमच्या घरात काडेपेटीची जागा चुलीजवळ नव्हती, रणगाड्याच्या पोटाखाली होती. मधल्या घरातल्या फळीवर रेडिओ, त्याच्या शेजारी प्लास्टिकचा वीतभर रणगाडा, आणि त्याच्या दोन पट्ट्यांमधल्या बोळात आडवी सारलेली काडेपेटी. आई सकाळी उठली की तिथून पेटी ओढायची, चूल पेटवायची आणि पुन्हा तिथेच सारायची. न बघता हात जायचा. शेजारच्या बायका हसायच्या, ‘दफादारणीच्या घरात इस्तू बी मिल्ट्रीतनं येतो’ म्हणायच्या. आई म्हणायची, ‘काय करू बया, रोज त्या मानसानं माप घ्यायला पेटी पळवायची आन् मी घरभर हुडकायची. शेवटी म्हटलं, ऱ्हा बाई तिथंच.’

माप घेणारा तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. फौजेत ते रणगाडा चालवत आणि दफादार म्हणून पेन्शनीत आले. आमचं गाव कऱ्हाड आणि इस्लामपूरच्या मधलं, कृष्णाकाठचं. ऊस आणि पेन्शन या दोन पिकांवर जगणारं. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे पेन्शनीत आलेले लोक काय काय घेऊन येतात ते गावाला पाठ होतं: काळी ट्रंक, ऊबदार घोंगडी, दारूचा कोटा आणि शिस्तीचा ताप. आबांनी या सगळ्यासोबत सुटे भाग चिकटवून बनवायच्या खेळण्यातल्या रणगाड्यांच्या कीटची खोकी आणली. छावणीच्या बाजारात कधीतरी एक घेतलं होतं, तेव्हापासून नाद लागला. इंजिनाशेजारी आयुष्य गेल्याने त्यांचा उजवा कान कामातून गेला होता आणि त्यांना हळू बोलता येत नसे. आईशी दोन शब्द खासगी बोलले तरी ते अर्ध्या गल्लीला कळायचे. आईने म्हणूनच त्यांच्याशी खासगी बोलायचं सोडून दिलं असावं.

नवीन खोकं उघडलं की आबा आधी चाकांचे दांडे शोधायचे. खऱ्या रणगाड्याचं प्रत्येक चाक एका आखूड दांड्यावर बसतं आणि तो दांडा पोटातल्या पोलादी कांबीला जोडलेला असतो. वजन वाढलं की कांब पिळते, दांडा वर उचलला जातो आणि गाडी खाली बसते. कीटमध्ये कांब नसते. दांड्याच्या मुळाशी एक बारीक खुंटी असते, ती खोबणीत गेली की दांडा कायमचा एकाच कोनात चिकटतो. बनवणाऱ्याने ठरवली तीच उंची, आणि ती आबांना एकदाही पटली नाही. ‘भरल्याली गाडी बनवलीया ह्यांनी,’ ते ओरडायचे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पुटपुटायचे. ‘टाकीत तेल, पोटात गोळं, आन् दिलीया आमच्या घरात धाडून.’ मग ते बारीक कानशीने एकेक खुंटी घासून काढत. त्या घासण्याचा आवाज मला अजून ओळखू येतो. उंदीर लाकूड कुरतडतो तसा, पण तालात. खुंट्या गेल्या की गाडीचं पोट काडेपेटीवर टेकवायचं, दांडे खाली फिरवून चाकं पाटाला लावायची आणि मुळाशी गोंदाचा थेंब सोडायचा. माझी बोटं बारीक, म्हणून दांडे धरायचं काम माझ्याकडे. वर वजनाला आईचा अडकित्ता. एक चाक जरी अधांतरी राहिलं तरी आबा सगळे दांडे उपटून पुन्हा बसवायला लावत. दुसऱ्या दिवशी काडेपेटी पोटाखालून अलगद निघाली आणि अलगद आत गेली की गाडी पास; फळीवर मात्र एकच, बाकीच्या ट्रंकेत.

ही सगळी खटपट एका नियमापायी होती. घरात भरलेली गाडी ठेवायची नाही. त्यांच्या रेजिमेंटमध्ये म्हणे सरावाहून परतलेल्या गाडीतले गोळे आधी उतरवून घेत, मगच तिला शेडमध्ये शिरू देत. रिकामी गाडी हलकी, उंच, चाकांवर मान वर काढून उभी. ‘घर म्हंजी शेड,’ आबा सांगायचे. ‘शेडात गाडी रिकामीच पायजे.’ यात देवधर्माचं काही नव्हतं. पण घरात रोज ऐकलेली गोष्ट हळूहळू अंगात मुरते, आणि सोळा वर्षांची होईपर्यंत मलाही वाटू लागलं होतं की आमचं घर सुखरूप आहे ते या उंचीमुळे.

माझा थोरला भाऊ वसंता, म्हणजे दादा, आबांच्याच रेजिमेंटमध्ये लागला. तो गोळा डागणारा, गनर. त्याच्या गाडीचा ड्रायव्हर होता बाळू, जतकडच्या धनगर घरातला. एका सुट्टीत दादा त्याला घरी घेऊन आला होता. काळा, लांब हातांचा, हसला की डोळे मिटायचे. जेवायला बसला तर खर्डा असा खाल्ला की आईने पाट्यावर दुसऱ्यांदा वाटायला घेतला. त्याच्या बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द यायचा आणि मग तो स्वतःच थांबून त्याचा अर्थ सांगायचा. फळीवरच्या रणगाड्याकडे बघून म्हणाला, ‘ही कुनी बसवली? लय उंच बसलीया. डोंगर चढायला निघाल्यागत दिसती.’ मी फणकाऱ्याने म्हटलं, ‘रिकामी हाय म्हून.’ त्याने वाकून चाकांकडे नीट पाहिलं, आणि मग माझ्याकडे. ‘बराबर हाय,’ म्हणाला. त्याने मला ताई म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. सबंध मुक्कामात एकदाही म्हटलं नाही. या वयात सांगायला काय हरकत आहे, तो गेल्यावर कितीतरी दिवस मी खर्डा वाटताना उगीच जास्त मिरच्या घेत होते.

मग ते नवरात्र आलं. दादा अचानक सुट्टीवर आला, तोही जेमतेम दसऱ्यापर्यंत. वहिनीचे दिवस भरत आले होते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, बरं झालं. वहिनी शिराळ्याची, नागांच्या गावातली, तशी कशाला भिणारी नव्हती. तीसुद्धा खुशीत होती. एकटे आबा कोड्यात पडले. ‘आसली चिमूटभर सुट्टी?’ त्यांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, ‘मिळाली ती घेतली.’ घरात कडाकण्या तळल्या जात होत्या. गोड पिठाच्या त्या कडक पुऱ्या दोऱ्यात ओवून घटावर टांगतात, तो तेलाचा आणि गुळाचा वास बाहेरच्या सोप्यापर्यंत यायचा. दादा एरवी टांगायच्या आधीच चोरून खायचा. या वेळी आईने स्वतः पुढे केली तर म्हणाला, ‘आसू दे, मागनं खातो.’

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी परसात होते, तेव्हा कानशीचा आवाज ऐकला. आबा तर रानात गेले होते. आत येऊन बघते तर दादा सोप्यात पाट मांडून बसलेला आणि रणगाडा त्याच्या मांडीवर उताणा. मी विचारलं, ‘काय करतोस रं दादा?’ तो वर न बघता म्हणाला, ‘पट्टा सैल झालाय.’ पट्टा सैल झाला तर कानस कशाला, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण दादाच्या मानेची शीर ताठ झालेली दिसली आणि मी पुन्हा परसात गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. म्हणजे कोयता, खुरपं, नांगराचा फाळ, आजोबांच्या वेळची एक गंजकी तलवार आणि आबा पेन्शनीत आल्यापासून रणगाडा. आबा अंघोळ करून सोवळ्यात बसले. आईने सगळी अवजारं आणून दिली, शेवटी मी फळीवरून रणगाडा आणला. आबांनी तो पाटावर ठेवला, झेंडूचं फूल उचललं आणि त्यांचा हात तसाच राहिला. मग फूल खाली ठेवून त्यांनी उदबत्तीसाठी आणलेली काडेपेटी घेतली आणि गाडीच्या पोटाखाली सारली. गेली नाही. त्यांनी ती फिरवून मागच्या बाजूने सारली. गेली नाही. दहाही चाकं वर चढलेली होती, पट्टा चाकांच्या डोक्यांवर ढिला लोळत होता, आणि गाडी पाटावर अशी बसली होती जशी अंड्यावर कोंबडी बसते. आबांनी मान वळवून दादाकडे पाहिलं. दादा शेजारी हात जोडून बसला होता. तो म्हणाला, ‘आबा, नारळ फोडा.’

त्या एका क्षणात बाप-लेकात काय बोलणं झालं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. एकदा पुजलेली अवजारं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. म्हणजे ती गाडी खाली बसलेली, हळदीकुंकू लावलेली, झेंडूच्या ढिगात तशीच राहणार होती आणि तिला हात लावायची कुणाला सोय नव्हती. मी जाता-येता तिच्याकडे बघायची. वहिनी पोटावर हात धरून तिच्यापुढे रांगोळी काढत होती.

दुसऱ्या दिवशी शिलंगण झालं. गाव वेशीबाहेर जाऊन सोनं घेऊन आलं. दादा आपट्याची पानं आबांच्या हातात देऊन पाया पडला आणि लगेच पिशवी उचलली. आईने कडाकण्यांचा डबा आत कोंबला, ‘बाळूला बी दे,’ म्हणाली. तेव्हा मी भांडी घासत होते, ती जरा जास्तच जोरात घासली. आबा दारापर्यंत गेले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘फळीवरची गाडी उंच करायचं काम तुझं. आल्यावर.’ गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हातारा खेळण्यापायी पोराला जाताना टोकतोय. दादा नुसता मान हलवून गेला.

मग आबा मला पाणी उपसायच्या इंजिनाच्या शेडवर घेऊन गेले. नदीकाठच्या त्या शेडमध्ये इंजिन धडधडत असलं की काही ऐकू येत नसे, आणि आबांना गुपित सांगायला तीच एक जागा होती. माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले, ‘रेजिमेंट भरलीया, सुमे. गोळं चढवल्यात. पोरगं तोंडानं सांगू शकत न्हाई, हुकूम नसतो. म्हून त्यानं तसं सांगितलं.’ मी विचारलं, ‘लढाई हुनार?’ ते म्हणाले, ‘भरल्याली गाडी दोनच रीतीनं रिकामी हुती. एक तर गोळं उतरवून घेत्यात.’ दुसरी रीत त्यांनी सांगितली नाही. ‘तुझ्या आईला कळाय नगं. वयनीला तर अजिबातच न्हाई. तिची वेळ जवळ आलीया.’ इंजिन बंद केलं तरी आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

त्यानंतरचे महिने घरात काहीच झालं नाही, आणि ते न होणंच मला आठवतं. आबा रेडिओला कान लावून बसत. बातम्यांत कसलंच काही नसे: धरणाचं पाणी, कुणाचा तरी दौरा, हवामान. साखर कारखान्याचा भोंगा झाला की ते ताडकन उठून बसत आणि मग उगीच चपला शोधत. दादाची पत्रं येत, त्यांत खुशाली असे, गावाचं नाव नसे. वहिनी बाळंत झाली, मुलगा झाला. बारशाला बायका गात होत्या आणि आबा अंगणात पाठमोरे उभे होते. मी फळीवरची धूळ पुसायची ती गाडीला हात न लावता. एकदा मनात आलं, आपणच दांडे उपटावेत, काडेपेटी घालावी, उंच करून टाकावी. मग वाटलं, उंच केली आणि तिकडे काही झालं तर? मी फडकं घेऊन परत फिरले. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला निघालेली मुलगी ही, आणि तिची अक्कल अशी वीतभर प्लास्टिकपाशी गहाण पडलेली.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. आई आणि मी रानात भाकरी घेऊन निघालो होतो आणि समोरून उसाची ट्रॉली आली. भार एवढा की स्प्रिंगचे पाटे वाकून ट्रॉलीचं अंग चाकांवर टेकायच्या बेताला आलेलं. आम्ही बांधावर चढून उभ्या राहिलो. ट्रॉली गेली, धुरळा खाली बसला, आणि आई म्हणाली, ‘भरल्याली गाडी आशीच बसती, न्हवं?’

मी लांब जाणाऱ्या ट्रॉलीकडे बघितलं. आई म्हणाली, ‘तुझ्या आबाच्या आदी कळलंय मला. पूजेच्या आदल्या सांच्याला चूल पेटवून काडेपेटी ठेवाय गेले, तर जाईना. म्हटलं, हात कापतोय का काय. फुडनं बघितलं, मागनं बघितलं. मग देवाम्होरं ठेवली.’ मला एकदम आठवलं की दसऱ्यापासून काडेपेटी देवघरातच असते आणि ते मी रोज बघत होते. ‘आगं आई, मग बोलली का न्हाईस?’ तिने डोक्यावरची पाटी सारखी केली. ‘त्यांना वाटतंय मला ठावं न्हाई. तेवढ्या एका गोष्टीचा त्यांना इसावा हाय, ऱ्हाऊ दे. तू बी सांगू नगं.’ म्हणजे घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती आणि दोघांची कुलपं माझ्या गळ्यात होती. वहिनीला काय ठाऊक होतं ते मला आजही माहीत नाही. एवढंच की बाळाला मांडीवर घेऊन बसताना ती फळीकडे पाठ करून बसायची.

उन्हाळा लागला आणि दादा आला. दारात उभा राहिला तेव्हा आई किंचाळली नाही, रडली नाही, आधी त्याचे हात बघितले, मग पाय. सगळं जागच्या जागी होतं. वहिनीने बाळ त्याच्या ओंजळीत दिलं. लढाई झाली नव्हती. रेजिमेंट माघारी आली होती, गोळे उतरवून घेतले होते. आबा त्या दिवशी एवढे हसले की त्यांचा तो फुटका आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. आईने पुरणाचा घाट घातला. मी दहादा विचार करून शेवटी दादाला विचारलं, ‘बाळू कसा हाय?’ तो म्हणाला, ‘पानी दे जरा.’ मी पाणी दिलं. त्याने ते पिऊन तांब्या ठेवला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, ‘सुमे, ती बारीक कानस दे.’ आबांचा चेहरा उजळला. गाडी उंच व्हायची होती. दादा सोप्यात पाट मांडून बसला आणि आवाज सुरू झाला. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, त्या दोन आवाजांनी घर कितीतरी दिवसांनी घरासारखं वाटत होतं. आबा शेजारी येऊन बसले, काडेपेटी हातात घेऊन, माप द्यायला तयार. दादाने उजव्या बाजूचे दांडे सोडवले, खाली फिरवले, चिकटवले. उजवी बाजू उंच झाली. मग त्याने डावी बाजू घेतली. मागचे तीन दांडे तसेच खाली फिरवले. पुढचे दोन मात्र चाकांसकट काढले, मोडले आणि पाटावर बाजूला ठेवले. पट्टा त्या जागी कापला. मग गाडी उभी केली. ती डाव्या खांद्यावर, पुढच्या बाजूला गुडघा टेकल्यासारखी कलली.

आबांनी काडेपेटी खाली ठेवली. ड्रायव्हर कुठे बसतो ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पुढे, डावीकडे. आयुष्यभर ते तिथेच बसले होते. ‘सुरुंग?’ त्यांनी विचारलं. दादाने मान हलवली. ‘बाळू?’

हळू बोलता येत नसलेल्या माणसाने ते नाव घेतलं आणि ते घरभर झालं. दादा म्हणाला, ‘व्हय.’ स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

मला मोठ्याने रडायचं होतं, पण मी त्याची कोण? दोन दिवस वाढलेला खर्डा, एवढंच आमचं नातं. मी गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. कागदोपत्री ती लढाई झालीच नाही. कुठल्या स्मृतिस्तंभावर त्या महिन्यांचं नाव नाही. जतच्या त्या घरात कुणी जाऊन काय सांगितलं तो विषय दादाने कधी काढला नाही. दादा जिवंत परत आला या आनंदाला त्या दिवसापासून एक खोट राहिली, आणि मी ती कधी माफ केली नाही, दादाला नव्हे, कुणाला ते मला सांगता येत नाही.

आबा गेले, आई गेली, तीन वर्षांपूर्वी दादाही गेला. साताऱ्याला कॉलेजात शिकवून मी निवृत्त झाले आणि गावी परतले. आता घरात वहिनी आणि मी. कलंडलेला रणगाडा फळीवर तसाच आहे. त्याच्या शेजारी मी बसवलेला नवा आहे. अलीकडच्या कीटमध्ये दांडे हलते ठेवता येतात, आत बारीक तारेची कांब घालतात, पाहिजे ती उंची मिळते. मी तरीही दांडे काडेपेटीवर टेकवून पक्के केले. गॅसला लायटर आहे, पण त्या गाडीखाली एक काडेपेटी असते. वहिनी ती रोज काढते, देवाचा दिवा लावते आणि परत सारते.

बारशाला ज्याच्याकडे आबांनी पाठ केली होती तो अजित आज नायब रिसालदार आहे, त्याच रेजिमेंटमध्ये. परवा तो न कळवता आला. वहिनीने विचारलं, किती दिवस, तर म्हणाला, ‘मिळाली तेवढी.’ लहानपणापासून त्याने फळीवरच्या गाडीबद्दल शंभरदा विचारलं असेल, आणि दादा होता तोवर दादाने, नंतर मी, त्याला सगळं सांगितलं आहे. आज सकाळी मी हे लिहायला बसले तेव्हा तो दारात आला. म्हणाला, ‘आत्या, बारीक कानस कुठं ठेवलीया?’

मी ड्रॉवर दाखवला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आता सोप्यातून आवाज येतो आहे, तालात, न थांबता. स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आहे.